दाताची साक्ष आणि दप्तराचे मौन

गुरांच्या बाजारात बैल घ्यावयास गेलेला शेतकरी आधी शिंगे पाहत नाही, की वशिंड पाहत नाही; तो बैलाचा ओठ ओढून त्याचे दात मोजतो. जनावर आदत आहे, दोनदाती आहे, चारदाती आहे, सहादाती आहे, की सगळे दात जुळले आहेत, हे त्यास क्षणात कळते, आणि विकणाऱ्याने वय कितीही कमी करून सांगितले तरी तो फसत नाही. जनावराची जन्मनोंद कोणी ठेवीत नाही. म्हणून त्याचे वय त्याच्या तोंडातच शोधावे लागते. यात हसण्यासारखे काहीच नाही. हसू, किंबहुना लाज, वाटावयास पाहिजे ती निराळ्याच गोष्टीची. ज्या मनुष्याने लिपी शोधली, पंचांग मांडले, सात-बाराच्या उताऱ्यावर गुंठ्या-गुंठ्याची नोंद ठेवली, त्याच्या मुलांचेही वय ठरविण्याकरिता कित्येक वेळा न्यायालयास डॉक्टरांकडून त्यांचे तोंड उघडवून पाहावे लागते. जमिनीच्या तुकड्याचा जन्म-इतिहास आम्हांस तोंडपाठ आहे; घरात जन्मलेल्या मुलीचा जन्मदिवस मात्र 'आवणी चालू होती तेव्हा' एवढाच आठवतो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. मुलाचा दात हा प्रामाणिक साक्षीदार आहे, यात शंका नाही. त्यास लाच देता येत नाही, पढवून ठेवता येत नाही. परंतु हा साक्षीदार बालपणी जितका स्पष्ट बोलतो, तितका पुढे बोलत नाही; आणि कायद्यास ज्या वयाविषयी त्यास प्रश्न विचारावयाचे असतात, नेमक्या त्याच वयात त्याचा आवाज घोगरा होतो. सबब दाताच्या साक्षीवर विसंबून जन्माच्या नोंदीविषयी बेफिकीर राहणे हा शहाणपणा नव्हे. भोर व वेल्हे या तालुक्यांतील व्यापारी, शिक्षक, ग्रामपंचायतींचे पंच व सुशिक्षित गृहस्थ यांस या गोष्टीचा विचार करावयास लावावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम दात काय सांगतो व कसे सांगतो ते पाहू. मुलास दुधाचे दात वीस असतात, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांची घडण आईच्या पोटातच, गर्भाच्या चौथ्या महिन्याच्या सुमारास, सुरू होते, हे फार थोड्यांस ठाऊक असते. मूल जन्मते तेव्हा त्याचे तोंड बोळके दिसते खरे. पण हिरड्यांच्या आत पटाशीच्या दातांचे माथे बहुतेक तयार झालेले असतात, सुळ्यांची केवळ टोके बनलेली असतात, आणि मागच्या दाढांची शिखरे अजून एकमेकांस जोडली गेलेली नसतात. पुढे सुमारे सहाव्या ते दहाव्या महिन्यात खालचे मधले दोन पटाशीचे दात बाहेर येतात, मग वरचे, साधारण तेराव्या ते एकोणिसाव्या महिन्यात पहिल्या दाढा, सोळाव्या ते बाविसाव्या महिन्यात सुळे, आणि तेविसाव्या ते तेहतिसाव्या महिन्यात दुसऱ्या दाढा. अडीच-पावणेतीन वर्षांत वीसही दात पुरे होतात. मुलाच्या वयाच्या महिन्यांतून सहा वजा केले असता जी संख्या उरते तितके दात दोन वर्षांपर्यंतच्या मुलास साधारणपणे असावेत, असा एक ठोकळ हिशेब डॉक्टर लोक सांगतात. आमच्या घरांतून या दातांविषयी एकच चर्चा ऐकू येते. ती ही की, वरचे दात आधी आले म्हणजे मामाच्या जिवावर बेतते! मामाची चिंता करणाऱ्या या मंडळींनी त्याच वेळी कागदावर तारीख मांडून ठेवली असती, तर भाच्यावर पुढे येणारी पुष्कळ संकटे टळली असती.

परंतु दात केव्हा बाहेर आला यापेक्षा तो हिरडीच्या आत किती घडला आहे, हे वय ठरविण्यास अधिक उपयोगी पडते. दात बाहेर येण्यास आजार, दुधाचा दात लवकर पडणे, जबड्यात जागा नसणे, अशी अनेक कारणे आड येतात. आतील घडणीचा क्रम मात्र बराच अढळ असतो: प्रथम माथा, मग मान, मग मूळ, आणि शेवटी मुळाचे टोक बंद होणे. क्ष-किरणांच्या चित्रात ही पायरी-पायरीची प्रगती दिसते. उपासमार व रोगराई यांनी हाडांची वाढ जितकी खुंटते तितकी दातांची घडण खुंटत नाही. म्हणून खंगलेल्या मुलाची उंची जेव्हा खोटे बोलते तेव्हाही त्याचा दात बराचसा खरे बोलतो. या शास्त्राचे तक्ते अनेक झाले. शूर व मॅस्लर यांनी १९४१ मध्ये चित्रमय तक्ता केला. मूरीस, फॅनिंग व हंट यांनी १९६३ मध्ये दातांच्या घडणीच्या पायऱ्या नेमक्या मांडल्या. कॅनडातील डेमिर्जियन व त्यांचे सहकारी यांनी १९७३ मध्ये खालच्या जबड्याच्या डाव्या बाजूच्या सात कायमच्या दातांवरून वय काढण्याची रीत बसविली. आणि २०१० मध्ये गर्भावस्थेपासून तरुणपणापर्यंतची लंडनची चित्रावली प्रसिद्ध झाली.

दाताच्या वरच्या चकचकीत कवचास दंतवल्क म्हणतात. हे कवच दिवसागणिक थर देऊन बनते, आणि सूक्ष्मदर्शक यंत्राखाली त्या रोजच्या रेघा मोजता येतात. त्यांत एक रेघ ठळक असते, ती जन्माची. गर्भातून बाहेरच्या जगात येताना बालकास जो धक्का बसतो त्याची ती खूण होय. जन्मानंतर काही दिवस जगलेल्या बालकाच्याच दातात ती नीट उमटते. टाकून दिलेल्या अर्भकाचा देह सापडला असता ते जन्मून जगले होते काय, हा भयंकर प्रश्न न्यायवैद्यकास या एका रेघेच्या साह्याने सोडविता येतो. ज्या बालकाची कोणी नोंद केली नाही, कोणी नाव ठेवले नाही, त्याच्या जन्माचा दाखला निसर्गाने त्याच्या दातावर लिहून ठेवला आहे. माणसांनी झाकलेले पाप इतक्या लहान अक्षरांत लिहिलेले असावे, याहून मोठा उपदेश तो कोणता?

आमच्याच जिल्ह्यातील एक उदाहरण या शास्त्राची शक्ती दाखविण्यास पुरे आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजाने १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. तेथे ख्रिस्तपूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वसाहत सापडली. हे लोक मेलेल्या तान्ह्या मुलांस दोन मातीचे रांजण तोंडाशी तोंड लावून त्यांत ठेवीत व ते रांजण घराच्या जमिनीत पुरीत. तीन हजार वर्षांनंतर त्या कुंभांतून निघाली ती इवलीशी हाडे आणि दातांचे माथे. डॉ. सुभाष वाळिंबे व अमेरिकेतील प्रा. जॉन लुकाच या मानवशास्त्रज्ञांनी त्या दातांचा अभ्यास केला. दातांच्या घडणीवरून मूल किती महिन्यांचे होऊन गेले हे सांगता येते. आणि दुधाच्या सुळ्यांवरील कवचातील उणिवांवरून त्या बालकांनी जन्माच्या आगेमागे काय हाल सोसले याचाही तर्क करता येतो. विचार करा: घोडनदीकाठच्या त्या अनामिक बालकाचे वय तीन हजार वर्षांनंतर काही महिन्यांच्या फरकाने कळते, आणि आज जिवंत असलेल्या, शाळेत बसलेल्या, आमच्या दुकानात चहाचे पेले विसळणाऱ्या मुलाचे वय आम्हांस दोन वर्षांच्या फरकानेही सांगता येत नाही!

हे असे का होते? येथेच या विषयाची मेख आहे. दुधाच्या दातांच्या काळात घडामोडी इतक्या झपाट्याने होतात की दर दोन-चार महिन्यांस तोंडाचे रूप पालटते. म्हणून अंदाजातील चूकही महिन्यांचीच असते. सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली कायमची दाढ येते, पटाशीचे दुधाचे दात पडू लागतात, आणि बाराव्या वर्षापर्यंत ही देवघेव चालू राहते. बाराव्या वर्षाच्या सुमारास दुसरी कायमची दाढ आली की तोंडाचे दार जणू बंद होते. त्यानंतर सतराव्या ते पंचविसाव्या वर्षांमध्ये केव्हातरी येणाऱ्या, आणि कित्येकांस कधीच न येणाऱ्या, अक्कलदाढेवाचून नवा दात उगवावयाचा नसतो. मधल्या वर्षांत नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्यास दात काहीच सांगत नाही. क्ष-किरणाच्या चित्रात मुळांची घडण दिसते, परंतु तीही मंदावत जाते व माणसामाणसांतील फरक वाढत जातो.

आता आमच्या कायद्यांतील वये पाहा. मुलास कामावर ठेवण्याच्या मनाईची मर्यादा चौदा वर्षे. धोक्याच्या कामाची मर्यादा अठरा. २०१५ च्या बालन्याय कायद्यान्वये अतिगंभीर गुन्ह्याच्या आरोपात सोळा वर्षांवरील मुलाचा विचार निराळ्या रीतीने होऊ शकतो. बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या २०१२ च्या कायद्याची मर्यादा अठरा. मुलीच्या विवाहाची मर्यादा अठरा, मुलाची एकवीस. चौदा, सोळा, अठरा! ज्या वर्षांत दात अस्पष्ट बोलतो ती हीच वर्षे. दुधाच्या दातांनी दिलेली स्वच्छ साक्ष त्या वेळी कोणी लिहून घेतली नाही. आणि साक्षीदार पुटपुटू लागल्यावर मात्र त्यास न्यायासनासमोर उभे करावयाचे, यास वरातीमागून घोडे म्हणावयाचे नाही तर काय म्हणावयाचे? सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच म्हटले आहे की, क्ष-किरणाच्या तपासणीने काढलेल्या वयात दोन्ही बाजूंस दोन-दोन वर्षांची चूक संभवते. सतरा वर्षांची मुलगी एकोणीसची ठरावी किंवा एकोणीस वर्षांचा पुरुष सतराचा ठरावा, एवढी ही चूक आहे. म्हणजे एकीचे संरक्षण जावे व दुसऱ्यास सूट मिळावी एवढी आहे. शिवाय परदेशी मुलांवरून बनविलेले तक्ते आमच्या मुलांस जसेच्या तसे लागू पडत नाहीत. डेमिर्जियन यांची रीत फ्रेंच वंशाच्या कॅनेडियन मुलांवरून बसविलेली; ती हिंदी मुलांचे वय पुष्कळदा वाढवून सांगते, असे आढळून आल्यामुळे धारवाड येथील दंतवैद्यकाने २०११ मध्ये भारतीयांकरिता निराळे सूत्र प्रसिद्ध केले. मूल नसते मोठे ठरणे म्हणजे त्याचे बालपण कायद्याने हिरावणे, हे लक्षात ठेवावे.

ही अडचण आजची नव्हे, की केवळ आमचीच नव्हे. इंग्लंडात १८३३ च्या कायद्याने कापडाच्या गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांस घेण्याची बहुतेक ठिकाणी बंदी झाली, तेव्हा मुलाचे वय ठरवावे कसे हा प्रश्न उभा राहिला. पोटासाठी आई-बाप वय वाढवून सांगत, मालक डोळे झाकीत, आणि सर्जन उंचीवरून अंदाज करीत. एडविन सॉन्डर्स नावाच्या दंतवैद्याने हजाराहून अधिक मुलांचे दात तपासून १८३७ मध्ये एक पुस्तिका पार्लमेंटापुढे ठेवली, आणि उंचीपेक्षा दात हे वयाचे अधिक विश्वसनीय गमक होय असे दाखविले. या विद्येचा आरंभ असा गिरणीतील मुलांच्या कणवेतून झाला, ही गोष्ट तिला भूषणावह आहे. परंतु त्याच १८३७ सालच्या जुलैपासून इंग्लंड व वेल्समध्ये जन्ममृत्यूंच्या सरकारी नोंदीस प्रारंभ झाला, हेही विसरता कामा नये. दाताचा तक्ता हा त्या दिवसाचा तोडगा होता. नोंदवही हा पुढच्या पिढीचा उपाय होता. एकाच वर्षी दोन्ही गोष्टी व्हाव्या यातील बोध उघड आहे.

आमच्याकडे १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांस गिरणीत घेणे बंद केले, आणि १८९१ मध्ये ती मर्यादा नऊवर नेली. वयाचा दाखला देणाऱ्या सर्जनापुढे मूल उभे केले जाई. जन्माचा कागद कोणाजवळ असणार? त्याच १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन मर्यादा दहावरून बारावर गेली. दहा-अकरा वर्षांच्या फुलमणीचा कलकत्त्यात पतीच्या हातून झालेला मृत्यू, मलबारींची चळवळ, त्याआधीचा रखमाबाईंचा खटला, आगरकरांचा पाठिंबा व टिळकांचा विरोध, हा सर्व इतिहास वाचकांस परिचित आहे. त्या वादात, मुलीचे खरे वय सिद्ध करणार कसे, हा आक्षेप विरोधकांच्या हाती एक शस्त्र होऊन बसला होता. पुढे १९२९ चा सारडा कायदा आला; मुलीची मर्यादा चौदा झाली; प्रश्न तोच राहिला. मर्यादा वाढविणे हे विधिमंडळाच्या हाती असते. परंतु वय लिहून ठेवणे हे घराच्या, गावाच्या व शाळेच्या हाती असते. ते काम ज्या समाजाने केले नाही, त्याचे सुधारणेचे सर्व कायदे पायावाचून बांधलेल्या इमारतीसारखे होत.

आता आजचा कायदा काय म्हणतो ते पाहू. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ९४ व्या कलमाप्रमाणे वयाच्या पुराव्यात पहिला मान शाळेने दिलेल्या जन्मतारखेच्या दाखल्यास किंवा मॅट्रिकच्या अगर समकक्ष परीक्षेच्या प्रमाणपत्रास. तो नसेल तर महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायत यांच्या जन्मदाखल्यास. आणि हे काहीच नसेल तरच हाडांची किंवा अन्य अद्ययावत वैद्यकीय तपासणी, तीही हुकमापासून पंधरा दिवसांत. म्हणजे दातास बोलावणे येते ते सर्वांच्या शेवटी. कागद असेल तर शरीराची साक्ष घेऊ नये, हे तत्त्व आम्हांस मान्य आहे. परंतु त्याचा अर्थ असा की कागदच खोटा असेल तर खऱ्या दातास बोलण्याची संधीच राहत नाही.

आणि आमचे कागद कसे आहेत? आमच्या गावोगावच्या शाळांची जुनी दाखल-पुस्तके उघडून पाहा. जणू अर्धा महाराष्ट्र एक जून रोजी जन्मला आहे! पालकास तारीख सांगता आली नाही, गुरुजींस जागा भरावयाची होती, शाळा जूनमध्ये उघडते, म्हणून एक जून. या तारखेवर निवृत्त होणाऱ्या नोकरांच्या झुंडी दरवर्षी मे अखेर आपण पाहतो व हसतो. परंतु हसण्याची बाब ती एवढीच. एखाद्या मुलीचे वय अशा अंदाजाने दीड वर्ष वाढवून लिहिले गेले, तर सोळाव्या वर्षी तिचे लग्न लावणारास तोच कागद ढालीसारखा उपयोगी पडतो. आणि कमी लिहिले गेले, तर न्यायालयात नसते वाद माजतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका खटल्यात शाळा बदलल्याचा दाखला या कलमाच्या कसोटीस उतरत नाही असे ठरविले, आणि २०२४ मध्ये आधार-पत्रावरील जन्मतारीख हा वयाचा निर्णायक पुरावा नव्हे असेही सांगितले. तेव्हा खिशात एखादे पत्र आहे म्हणून निर्धास्त राहण्याचे दिवस गेले. मूळ नोंद पाहिजे.

भोर व वेल्हे या तालुक्यांची गोष्ट आम्ही मुद्दाम काढली ती निंदेकरिता नव्हे. भोर हे १९४८ पर्यंत पंतसचिवांच्या संस्थानची राजधानी होते. दप्तराची परंपरा तेथे जुनी आहे. वेल्ह्याच्या उशाशी तोरणा व राजगड आहेत. राजगडाचेच नाव त्या तालुक्यास देण्याचे राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये ठरविले. परंतु किल्ल्यांचा अभिमान बाळगणाऱ्या या मुलखात सह्याद्रीच्या सोंडांवर पसरलेल्या वाड्या, धनगरांचे पाडे व कातकऱ्यांच्या वस्त्या आहेत, जेथे आषाढ-श्रावणात ओढे भरले की वाट राहत नाही. भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, गुंजवणी या धरणांच्या पाण्याने खालच्या मुलखाची तहान भागविली; वरच्या खोऱ्यांतील कित्येक वस्त्यांस मात्र त्यांनी डोंगराकडे सरकविले. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर परजिल्ह्यांत जातात, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. कायद्याचा नियम असा की जन्म जेथे झाला तेथेच त्याची नोंद व्हावी. भट्टीवर जन्मलेल्या मुलाची नोंद त्या परक्या गावी कोण करणार? मालकास ती नको असते, बापास ती ठाऊक नसते, आणि परत आल्यावर येथील ग्रामपंचायत म्हणते, हा जन्म आमच्या हद्दीतील नव्हे. असे मूल दोन्ही गावांच्या दप्तरांमधल्या फटीत पडते. आणि पुढे त्याच्यावर एखादा प्रसंग गुदरला म्हणजे त्याच्या वयाकरिता पुण्याच्या मोठ्या रुग्णालयाची वाट धरावी लागते.

यावर काही गृहस्थ म्हणतील की, आता बाळंतपणे रुग्णालयांत होतात, नोंदी संगणकात होतात, २०२३ च्या दुरुस्तीने १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मणाऱ्या मुलांस शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्मदाखलाच पुराव्याचा कागद केला आहे. मग ही ओरड कशाला? यास उत्तर असे की, त्या तारखेनंतर जन्मलेली मुले पहिलीच्या वर्गात येण्यास २०२९ साल उजाडेल. त्याआधी जन्मलेली मुले आज शाळांत आहेत, भट्ट्यांवर आहेत, खाणावळींत आहेत. चौदा, सोळा व अठराचे प्रश्न पुढील पंधरा-सोळा वर्षे त्यांच्याच संबंधाने उभे राहणार आहेत. शिवाय कायदा जितका कडक होईल, तितके ज्याच्यापाशी कागद नाही त्याचे दार अधिक घट्ट बंद होईल. नियमाची कडकपणा गरिबास जाचू नये असे वाटत असेल तर नोंद गरिबाच्या दारी नेली पाहिजे.

दुसरे कोणी म्हणतील, डॉक्टर आहेत, यंत्रे आहेत, शास्त्र पुढे जात आहे. दातावरून नेमके वय काढण्याची विद्या उद्या आणखी सुधारेल. सुधारो! आम्ही त्या विद्येचे चाहते आहोत. अपघातात, पुरात किंवा गुन्ह्यात सापडलेल्या अनोळखी बालदेहास नाव मिळवून देण्यास तिच्यासारखे साधन नाही. परंतु जिवंत, बोलत्या, आई-बाप असलेल्या मुलाच्या वयाकरिता त्याच विद्येचा आश्रय करावा लागणे हे शास्त्राचे वैभव नसून समाजाचे दारिद्र्य होय. शास्त्रज्ञ दाताच्या घडणीत फरक पडतो असे सांगतो तो त्याचा प्रामाणिकपणा. त्या फरकाचा फायदा घेतो तो वकील. आणि त्याचे फळ भोगते ते मूल.

मग करावे काय? उपाय अवघड नाहीत, आणि बहुतेक आपल्याच हातचे आहेत.

पहिली गोष्ट घरांची. जन्मापासून एकवीस दिवसांत खबर दिली तर नोंदीस पैसा पडत नाही. घरी बाळंतपण झाले असता ती खबर कुटुंबप्रमुखाने द्यावयाची असते. बारसे व्हावयाचे आहे म्हणून नोंद खोळंबवावी लागत नाही. नावावाचून नोंद होते, आणि नाव बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क व त्यापुढे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क देऊन घालता येते. ही एवढी माहिती प्रत्येक सुईणीस, आशाताईंस व अंगणवाडीच्या बाईंस देऊन ती वाडीवाडीवर पोहोचविली, तरी पुष्कळ काम होईल.

दुसरी गोष्ट ग्रामपंचायतींची. ग्रामसेवक, ज्यांस २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, तेच जन्माची नोंद करतात आणि खेड्यात बालविवाह प्रतिबंधक अधिकारीही तेच असतात. एकाच हातात दोन्ही लेखण्या आहेत. ज्या मुलीचा जन्म त्यांनी वेळेवर लिहिला, तिचे अकाली लग्न थांबविणे त्यांस सोपे जाईल. जिचा लिहिला नाही, तिच्या मांडवात त्यांस काय दाखवून उभे राहता येईल? पावसाळा संपताच प्रत्येक पंचायतीने वाड्यांची फेरी काढून राहिलेल्या मुलांची यादी करावी. एक वर्षाहून अधिक उशीर झालेल्या नोंदीस दंडाधिकाऱ्यांचा हुकूम लागतो, तो मिळविण्याचे हेलपाटे गरिबाने एकट्याने न घालता पंचायतीने त्याच्याबरोबर घालावे. जुन्या गाव नमुना चौदामध्ये शोधून पूर्वजांची जात सिद्ध करण्याचा जो उत्साह अलीकडे दिसतो, त्याचा दहावा हिस्सा जिवंत मुलांच्या वाट्यास आला तरी आम्ही संतुष्ट होऊ.

तिसरी गोष्ट शिक्षकांची. अंदाजाची तारीख लिहिणे हे उपकार नव्हेत. आईस सण, पेरणी, घरातील मृत्यू, शेजारच्या मुलाचा जन्म असे चार प्रश्न विचारावे, पंचायतीचे पुस्तक पाहावे, आणि मगच लेखणी टेकावी. सहा वर्षांच्या मुलास पहिली कायमची दाढ येऊ लागलेली असते, पुढचे दात हलू लागलेले असतात. सांगितलेले वय व तोंड यांत ढळढळीत विसंगती दिसली तर चौकशी करण्यास तेवढी खूण पुरेशी आहे. दाताचा खरा उपयोग येथे, वेळेवर, शंका घेण्यास आहे.

चौथी गोष्ट आमच्या व्यापारी बांधवांची. भोरच्या पेठेत, नसरापूरच्या फाट्यावर, महामार्गाच्या कडेच्या खाणावळींत कामास येणारा मुलगा 'सोळा पुरी झाली' असे सांगतो, आणि मालक त्यावर विश्वास ठेवतो; कारण विश्वास ठेवणे सोयीचे असते. २०१६ च्या दुरुस्तीप्रमाणे चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवणारास सहा महिने ते दोन वर्षे कैद, किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. परंतु आम्ही शिक्षेचे भय दाखवीत नाही. व्यवहाराची भाषा बोलतो. पोते घेताना जो वजन करून घेतो, बैल घेताना जो दात पाहतो, त्याने मुलास कामावर घेताना जन्माचा दाखला मागू नये, हा कोठला व्यापारधर्म? दाखला नसेल तर मुलास हाकलून देऊन हात झटकू नयेत; त्याच्या बापास घेऊन पंचायतीत जावे. एका दुपारचा धंदा बुडेल. एका माणसाचे आयुष्य जमेस लागेल.

पडलेला दुधाचा दात शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर फेकण्याची चाल आमच्या घरांतून होती. नवा दात चांगला यावा अशी त्यामागे आईची इच्छा असे. इच्छा चांगली, परंतु त्या दातात मुलाच्या जन्माचा दिवस रेघेने कोरलेला होता, आणि आम्ही तो न वाचता कौलावर फेकीत आलो. निसर्गाने आपली नोंद चुकविलेली नाही. आता आपली नोंद आपण करावयाची आहे; आणि ती मूल मोठे होऊन न्यायालयाच्या दारी उभे राहण्यापूर्वी, त्याच्या तोंडात पहिला दात दिसण्यापूर्वीच करावयाची आहे. तीन हजार वर्षांमागील इनामगावच्या बालकास त्याचे वय परत मिळाले. भोर-वेल्ह्याच्या आजच्या बालकास ते मिळण्याकरिता त्याने इतकी वाट पाहावी काय, याचे उत्तर वाचकांनीच द्यावे.